इंजिनासमोर मांडी घालून

ओतकामाचे फोटो काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना कॅटलॉग लागतात, परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायला पंपाच्या बॉडीचे, गिअरबॉक्सच्या केसिंगचे नेटके फोटो लागतात. ते मी काढतो. मोटरसायकलच्या इंजिनाचे फोटो मात्र कुणी न सांगता काढतो. वाऱ्यावर थंड होणारं इंजिन ही माणसानं घडवलेल्या अत्यंत सुंदर वस्तूंपैकी एक आहे, असं माझं ठाम मत आहे. तिच्यात एकही आकार उगीच आलेला नाही. फोटोत ते सौंदर्य उतरवायचं तर कोणता भाग काय काम करतो ते त्या फोटोत दिसलं पाहिजे. इतक्या वर्षांत जे हाती लागलं ते सगळं या एका गोष्टीच्या आसपासचं आहे. या नादाला नव्यानं लागलेली मुलं विचारत असतात, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो.

१. आधी इंजिन वाचा, मग कॅमेरा काढा

जुन्या बुलेटसमोर बसा. बिडाचा ब्लॉक, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली आणि त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं हा बिडाचा ब्लॉक आपल्या रस्त्यांवर होता. ३४६ सीसी, बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०. पिस्टनचा प्रवास बोअरपेक्षा लांब, म्हणून सिलिंडर उंच आणि सरळ उभा. हे एकदा ध्यानात आलं की बुलेटच्या इंजिनाचा फोटो उभा काढावासा वाटतो. आडव्या चौकटीत ते इंजिन अवघडून बसल्यागत दिसतं.

आता उजवी बाजू बघा. खाली टायमिंग कव्हर आहे. ते पुढून रुंद आणि मागे, वरच्या अंगाला निमुळतं होत सिलिंडरच्या पाठीशी जातं. हा आकार कुणी शोभेसाठी काढलेला नाही. आत क्रँकच्या पिनियनपासून कॅमपर्यंत आणि तिथून पुढे पॉइंटच्या डिस्ट्रिब्युटरपर्यंत गिअरची रांग आहे, आणि कव्हर त्या रांगेच्या अंगावर बेतलेलं आहे. तेलाचे दोन पंपही त्याच बाजूला, एक इंजिनात तेल नेणारा, दुसरा परत आणणारा. वर ब्लॉकवर पाहिलं तर उजव्या बाजूला फिन्स मध्येच तुटतात आणि एक उभा फुगवटा दिसतो. त्यातून पुशरॉड वर जातात. हेडवर टॅपेटची दोन वेगळी झाकणं आहेत, एक इनलेटचं, एक एक्झॉस्टचं. म्हणजे खालच्या गिअरपासून वरच्या व्हॉल्व्हपर्यंत हालचाल कशी चढत जाते तो सगळा मार्ग बाहेरून दिसतो. फोटोत बघणाऱ्याची नजर याच मार्गानं वर गेली पाहिजे. ती गेली की फोटो जमला.

फिन्सबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त फोटो त्यांचेच निघतात आणि सगळ्यात कमी समजून त्यांचेच काढले जातात. जळणातली बरीचशी उष्णता चाकापर्यंत पोचतच नाही, तिचा मोठा वाटा सिलिंडरच्या भिंतीतून बाहेर पडतो. तिला वाऱ्याच्या हवाली करायला जितका पृष्ठभाग जास्त तितकं बरं, म्हणून फिन्स. पण त्या फार दाटीनं लावल्या तर मधून वारा फिरत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा, म्हणून टू-स्ट्रोकच्या हेडवर फिन्सचा पसारा बहुतेक वेळा मोठा. राजदूत ३५० च्या फिन्सच्या मध्ये रबराचे छोटे तुकडे खोचलेले दिसतात ना, ते पातळ फिन्स थरथरून वाजू नयेत म्हणून.

आणखी एक गोष्ट मला फाउंड्रीनं शिकवली. फिन मुळाशी जाड असते आणि टोकाला निमुळती. उष्णता मुळाकडून टोकाकडे जाताना कमी होत जाते, तेव्हा टोकाला जाडीची गरज नाही, हे एक कारण. दुसरं कारण मोल्डिंगच्या वाळूचं. पॅटर्न वाळूतून वर उचलताना भिंती सरळ असतील तर वाळू ढासळते. उतार असला तर पॅटर्न अलगद सुटतो. फिनचा तो उतार दिसेल असा तिरपा उजेड टाका. समोरून उजेड टाकलात तर नुसत्या आडव्या रेघा उरतात.

२. प्रत्येक इंजिनाची एक दर्शनी बाजू असते

बुलेटची उजवी: टायमिंग कव्हर तिथं, सायलेन्सर तिथं, जुन्या गाड्यांना गिअर आणि किकही तिथं. डावीकडे प्रायमरी चेनचा मोठा डबा आहे. तो देखणा आहे, पण गप्प आहे.

जावा-येझदीची गोष्ट निराळी. मैसूरच्या आयडियल जावाचं २५० सीसीचं इंजिन एकच सिलिंडर असलेलं, पण त्याला एक्झॉस्टची तोंडं दोन. दोन बेंड पाइप दोन्ही अंगांनी खाली उतरतात, म्हणून ते समोरून बघायचं. पुढचं चाक थोडं वळवून, मडगार्डच्या बाजूनं डोकावून काढलेला फोटो मला सगळ्यात आवडतो. बाजूनं पाहिलं तर जावाचं केसिंग गुळगुळीत आणि लंबगोल. किक आणि गिअर एकाच दांड्यावर, जुन्या गाड्यांत कार्बोरेटरसुद्धा झाकणाआड. बुलेट सगळं उघडं सांगते, जावा पोटात ठेवते. दोघींना एकाच पद्धतीनं उजेड देऊन चालत नाही.

बाहेरच्या गाड्यांतही हेच. बीएमडब्ल्यूनं १९२३ च्या आर ३२ पासून दोन्ही सिलिंडर आडवे, वाऱ्यात बाहेर काढून ठेवले, तेव्हा ते इंजिन समोरून किंवा वरून. फाबिओ टालिओनींच्या जुन्या डुकाटी व्ही-ट्विनला कॅम फिरवण्यासाठी बेव्हल गिअरचे दांडे आहेत. त्यांच्या चकचकीत नळ्या उजव्या बाजूला दिसतात, तेव्हा उजवीकडून. आणि व्हिन्सेंट! युद्धानंतरच्या व्हिन्सेंटमध्ये फिलिप व्हिन्सेंट आणि फिल अर्व्हिंग यांनी ९९८ सीसीच्या इंजिनालाच फ्रेमचा भाग केलं. समोरून खाली येणारे फ्रेमचे पाइप काढूनच टाकले. त्यामुळे इंजिनाच्या आड काहीच येत नाही. फोटो काढणाऱ्यावर इतका मोठा उपकार दुसऱ्या कुठल्याही इंजिनिअरनं केलेला नाही.

३. पॉलिश केलेल्या धातूत जे दिसतं त्याचाच फोटो येतो

ही गोष्ट नीट समजून घ्या, बाकी विसरलात तरी चालेल. बफिंग केलेल्या कव्हरला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. घासलेल्या तांब्यात जसं सगळं घर दिसतं तसं त्यात समोरचं सगळं दिसतं: कॅमेरा, तुमचा शर्ट, रस्त्यावरची रिक्षा. म्हणून कव्हरवर उजेड टाकत बसू नका, कव्हरसमोर काय ठेवायचं ते ठरवा.

गॅरेजात यासाठी सगळं सामान हजर असतं. दुकानाचं शटर हा माझा सगळ्यात मोठा दिवा. सकाळी ऊन थेट आत येत नसेल अशा वेळी गाडी शटरपासून चार-पाच फूट आत, इंजिनाची दर्शनी बाजू बाहेर करून लावायची. शटरच्या उघड्या जागेतून येणारा उजेड कव्हरवर एक रुंद पांढरा पट्टा होऊन पडतो. शटर खाली ओढत जा, पट्टा बारीक होत जातो. बाहेरची वर्दळ त्यात दिसायला लागली की शटरला धुतलेली पांढरी चादर लावायची. चादर उजेड गाळते, आणि कव्हरमध्ये चादरच दिसते, स्वच्छ.

पण सगळीकडे पांढरं झालं की आकार सपाट होतो. कव्हरची गोलाई कळायला त्यावर काळंही दिसावं लागतं. काळी छत्री किंवा काळा कार्डशीट इंजिनाच्या एका अंगाला, चौकटीच्या जरा बाहेर धरा. लगेच कव्हरच्या कडेनं एक काळी रेघ उमटते आणि आकार उठून येतो. कार्ड दोन बोटं सरकवलं की रेघ सरकते. या सरकवासरकवीत अर्धा तास गेला तर जाऊ द्यावा.

पोलरायझर फिल्टरबद्दल मुलं हमखास विचारतात. रंगावरची, प्लास्टिकवरची, तेलाच्या थरावरची झळाळी तो कमी करतो. उघड्या धातूवरची झळाळी त्यानं फारशी हटत नाही. क्रोमसाठी त्याच्यावर पैसे घालू नका.

४. एका इंजिनात अनेक पृष्ठभाग, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा

बीड उजेड पितं. त्याच्या अंगावर वाळूचे बारीक कण उमटलेले असतात, आणि ते दिसले नाहीत तर बिडाचा फोटो काढलाच नाही असं समजावं. त्याला बाजूनं, अगदी पृष्ठभागाला घासून जाणारा उजेड लागतो. वाळूत ओतलेलं अ‍ॅल्युमिनियम मधलं असतं, किंचित राखाडी, किंचित चमकदार. होंडाच्या सीबी ७५० ची १९६९ सालची सुरुवातीची केसिंग खरबरीत असल्यानं 'सँडकास्ट' म्हणून ओळखली जातात, नंतरची डायकास्ट आली. त्या खरबरीत केसिंगवरून जाणकार आजही पहिल्या गाड्या ओळखतात. जाणकारांना जे दिसतं ते तुमच्या फोटोतही दिसावं एवढी अपेक्षा ठेवा.

बफ केलेल्या अ‍ॅल्युमिनियमबद्दल वर सांगितलंच. क्रोमचा बेंड पाइप मात्र वेगळ्या कारणानं बघण्यासारखा आहे. हेडजवळ, जिथं तो सगळ्यात जास्त तापतो, तिथं आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा होतो. तापल्यावर धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग बदलतो. हा गाडीच्या वापराचा लेखाजोखा आहे. काही लोक तो पॉलिशनं घालवतात. मला तो पाहिजे असतो.

काळं रंगवलेलं इंजिन सगळ्यात अवघड आणि जमलं तर सगळ्यात सुंदर. व्हिन्सेंटची १९४८ ची ब्लॅक शॅडो त्यासाठीच प्रसिद्ध, सगळं इंजिन भाजलेल्या काळ्या एनॅमलचं. आपल्याकडे काळ्या इंजिनाची आरएक्स १०० होतीच. काळ्यात फक्त कडा बोलतात. एक्स्पोजर कॅमेऱ्यावर सोडलं तर तो काळ्याचं राखाडी करून ठेवतो. एक-दीड स्टॉप कमी करा आणि काळं काळंच राहू द्या.

५. वर्तुळ वर्तुळ राहू द्या

इंजिनात जागोजागी वर्तुळं आहेत: पॉइंट कव्हर, क्लच कव्हर, प्लगचं भोक, बोल्टची डोकी. मोबाइल किंवा रुंद लेन्स जवळ नेऊन फोटो काढला की ती अंड्यासारखी होतात आणि सगळं इंजिन खोटं दिसायला लागतं. ८५ ते १०५ मिलिमीटरची लेन्स घ्या, मागे सरका आणि कॅमेरा कव्हरला समांतर ठेवा. उंचीही महत्त्वाची. उभ्यानं काढलेल्या फोटोत इंजिन वरून दबलेलं दिसतं. कॅमेरा इंजिनाच्या मध्याच्या उंचीवर पाहिजे, म्हणजे जमिनीवर मांडी घालून बसायचं. ट्रायपॉड वापरा. छिद्र एफ ८ ते एफ ११ पुरे. एफ २२ वर गेलात तर विवर्तनानं सगळंच थोडं धूसर होतं. पुढच्या फिनपासून मागच्या कार्बोरेटरपर्यंत सगळं स्पष्ट हवं असेल तर फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढा आणि नंतर जोडा.

६. पुसायचं कुठवर?

आमच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींच्या गॅरेजात मी नेहमी बसतो. एकदा मी एका बुलेटच्या हेडवरून उतरलेला तेलाचा ओघळ फडक्यानं पुसायला गेलो, तर ते म्हणाले, "आरं, ते पुसू नगं. टॅपेटच्या झाकणाचं पॅकिंग गेलंय, तेल तिथनं उतरतंय. गिऱ्हाईक आलं की त्याला दावायचंय मला."

त्या दिवसापासून माझा नियम ठरला. धूळ, चिखल, कोळिष्टकं, बोटांचे ठसे जाऊ देत. डिझेल आणि ब्रशनं फिन्समधला वाळलेला चिखल काढा, मऊ फडक्यानं कव्हर पुसा. तेलाचा ओघळ, बेंड पाइपचा निळेपणा, पाना घसरून बोल्टच्या डोक्याला पडलेला ओरखडा हे सगळं राहू द्या. पाना घसरलेला बोल्ट सांगतो की हे इंजिन कुणीतरी घाईत, बहुधा रस्त्यात उघडलं होतं. शोरूमच्या फोटोसाठी हे नियम लागू नाहीत, पण तो फोटो काढायला कंपनीची माणसं आहेत.

७. ट्यूबलाइटखाली शटरस्पीड जपा

आपल्याकडची वीज ५० सायकलची, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० वर काढा. त्याहून वेगात काढलं तर पट्टे येतात. पण दुकानाच्या शटरमधून उजेड येत असेल तर ट्यूबचा हिरवटपणा त्यात मिसळू देऊ नका, तेव्हा ट्यूब बंदच करा.

८. मोठ्या लोकांकडून तुकडा निवडायला शिका

पॉल स्ट्रँडनं १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच्या एकेली मूव्ही कॅमेऱ्याचे, लेथचे अगदी जवळून फोटो काढले. गिअर, दांडे, घासलेल्या कडा. अल्बर्ट रेंगर-पाच्छ यांचं १९२८ मधलं जर्मन पुस्तक झाडाची पानं आणि यंत्रं एकाच आदरानं बघतं. आपल्याकडे लाहोरात जन्मलेले आणि मुंबईत काम केलेले मित्तर बेदी. स्वातंत्र्यानंतर उभ्या राहणाऱ्या कारखान्यांचे, टाक्यांचे, पाइपांचे त्यांचे काळे-पांढरे फोटो मिळतील तिथं बघा. धंद्यासाठी काढलेल्या फोटोतही किती जीव ओतता येतो ते तिथं कळतं. आमच्यासारख्या कॅटलॉगवाल्यांना त्यांचं नाव माहीत नसावं याचं मला वाईट वाटतं.

या तिघांकडून मी घेतलं ते हे की सगळं इंजिन एका फोटोत आणायची गरज नसते. हार्लेची १९३६, १९४८ आणि १९६६ ची इंजिनं लोक नुसत्या रॉकरच्या झाकणावरून वेगळी ओळखतात. इतकं सगळं एका झाकणात सामावत असेल तर त्या झाकणापाशी थांबायला काय हरकत आहे? बुलेटमध्ये माझी आवडती जागा म्हणजे बिडाचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड जिथं भेटतात ती रेघ. वर फिकं, खाली काळपट, मध्ये पॅकिंगची बारीक धार. तिथं उजेड नीट पडला तर सगळी गाडी दाखवायची गरज राहत नाही.

९. चालू इंजिनाचा फोटो मोकळ्या हवेत

आयडलिंगला बुलेट हलते, म्हणून १/१५ वर कॅमेरा ट्रायपॉडला लावून काढा. मागची भिंत स्थिर राहते आणि इंजिनाच्या कडा किंचित पुसट होतात, धडधड दिसते. टू-स्ट्रोकचा धूर मागून ऊन असेल तेव्हा फार देखणा. पण बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून फोटो काढत बसू नका, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो.

१०. आता घाई करा

आरएक्स १०० १९९६ साली बंद झाली, मैसूरचा जावाचा कारखानाही त्याच साली. २००० नंतरच्या प्रदूषणाच्या नियमांनी टू-स्ट्रोक मोटरसायकली जवळजवळ संपवल्या. बुलेटचा बिडाचा ब्लॉक गेला. हे नियम योग्यच आहेत. आपल्या पोरांच्या छातीत तो धूर जायला नको. पण त्याबरोबर इंजिनाचं रूपही बदललं हे खरं. पाण्यानं थंड होणाऱ्या सिलिंडरला फिन्स लागत नाहीत, त्याला रेडिएटर लागतो, पाइप लागतात, आणि मग ते सगळं प्लास्टिकआड झाकलं जातं.

काही कंपन्यांना जुन्या रूपाची ओढ आहे. ट्रायम्फच्या आजच्या बॉनव्हिल पाण्यानं थंड होतात, तरी सिलिंडरवर फिन्स आहेत, आणि इंधनाचं इंजेक्शन कार्बोरेटरसारख्या दिसणाऱ्या खोक्यात बसवलेलं आहे. २०१८ मध्ये परत आलेल्या जावाचं २९३ सीसीचं इंजिनही पाण्यावर थंड होतं, आणि त्यालाही फिन्स दिल्या आहेत. कारागिरी उत्तम आहे, मी त्यांचे फोटोही काढले आहेत. पण माझं मत विचाराल तर त्यात जुनी मजा नाही. जी फिन उष्णता टाकायचं मुख्य काम करत नाही तिच्यावर उजेड कितीही चांगला पडला तरी त्यात सांगण्यासारखं फार काही राहत नाही. त्यापेक्षा एखाद्या नव्या इंजिनानं रेडिएटर, पाइप, क्लॅम्प सगळं उघडं ठेवलं तर मी आनंदानं त्याच्यासमोर बसेन.

तेव्हा मित्रांनो, घरात, शेतावरच्या शेडमध्ये, मामाच्या वाड्यात कुठं जुनी बुलेट, येझदी, राजदूत उभी असेल तर ती भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये जायच्या आधी तिचे फोटो काढा. डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, आणि इंजिन नंबर वाचता येईल असा एक. फोटो छापून घ्या आणि त्याच्या मागे साल, गाव आणि गाडी ज्यानं चालवली त्याचं नाव लिहून ठेवा.